उशी घेऊन जा

काल रात्री फोन ठेवता ठेवता तू हळूच विचारलंस, "ताई, किती दिवस उशी घ्यायची नाही गं?" त्याआधी आपण किती छान बोलत होतो. बाळ पायाळू आहे म्हणून डॉक्टरांनी पुढच्या गुरुवारची तारीख दिलीय, आत्याने डिंकाच्या लाडवांचं सामान आणून ठेवलंय, दुपटी धुऊन वाळत घातलीत. पण हा प्रश्न विचारताना तुझा आवाज एकदम बारीक झाला. माझ्याकडे तेव्हा घरभर माणसं होती, मला नीट बोलता आलं नाही. म्हणून आज दुपारची कामं आटपून लिहायला बसले आहे. सगळं वाच, आणि वाचून झालं की तुझ्या नवऱ्यालाही वाचायला दे.

शेजारच्या काकूंनी तुला सांगितलं की सिझरला पाठीत सुई देतात, त्यानंतर चोवीस तास मान उचलायची नाही, उशी घ्यायची नाही, उठून बसायचं तर नावच काढायचं नाही. नाहीतर डोकं धरतं ते जन्माचं. काकूंवर रागावू नकोस. त्यांनी मायेपोटीच सांगितलं, आणि त्यांच्या काळात दवाखानेसुद्धा हेच सांगत होते. मलाही हेच सांगितलं होतं आणि एक क्षण सोडला तर मी ते अक्षरन् अक्षर पाळलं होतं. म्हणून आधी माझं ऐक. इतक्या वर्षांत हे मी सबंध असं कुणालाच सांगितलेलं नाही.

थोरल्याच्या वेळी मला चोवीस तास सपाट ठेवलं होतं. बाळ माझ्या शेजारी आणून ठेवलं, पण मान वळवायची नाही असं बजावलेलं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याच्या टोपड्याची कड तेवढी दिसायची. दुसऱ्या दिवशी मला उठवलं, बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला पाजायला म्हणून पाठ टेकून बसले आणि दहा मिनिटांत मानेच्या मागून कळ निघाली. ती वर चढत कपाळाशी येऊन बसली. डोक्याच्या आत दोरी बांधून कुणी खाली ओढतंय, असं वाटत होतं. कान गच्च झाले. समोर बसलेल्या आईचं बोलणं लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखं ऐकू येत होतं. आडवी झाले आणि पाचएक मिनिटांत सगळं ओसरलं. पुन्हा उठले, पुन्हा तेच. दुपारपर्यंत अशी वेळ आली की बाळाने रडायला तोंड वाकडं केलं की माझ्या पोटात गोळा यायचा. कारण ते भुकेलं म्हणजे मला उठून बसावं लागणार.

भेटायला येणारी प्रत्येक बाई एकच विचारायची, "मान उचलली होतीस का?" आणि हो, उचलली होती. पहिल्या रात्री बाळ पहिल्यांदा खणखणीत रडलं तेव्हा मी क्षणभर मान उचलून पाहिलं होतं. तेवढं मी आईला सांगून बसले. मग घरात ठरूनच गेलं की हिला बाळ बघायची घाई झाली, तिथेच चुकलं. कुणी ओरडलं नाही, उलट सगळे डोक्यावरून हात फिरवतच बोलले. पण ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. बाळाला पोटभर पाजता येत नाही, मांडीवर घेता येत नाही, आणि हे सगळं माझ्या एका क्षणाच्या अधीरपणामुळे, असं मी धरून चालले. बारशाच्या आदल्या संध्याकाळी डोकं उतरलं. मनावरचं ओझं मात्र पुढच्या बाळंतपणापर्यंत राहिलं.

म्हणून तुला पहिली गोष्ट सांगते, ती नीट ऐक. हे डोकं मान उचलल्याने लागत नाही. उशी घेतल्याने लागत नाही. लवकर उठून बसल्याने, चालल्याने लागत नाही.

मग कशाने लागतं? आपला मेंदू आणि त्याच्यापासून खाली उतरणारी मज्जारज्जूची दोरी एका पाण्यात असते. ताकावर लोण्याचा गोळा तरंगावा तसा मेंदू त्या पाण्यात हलका होऊन राहतो. मोठ्या माणसात हे पाणी साधारण १५० मिलिलिटर असतं, म्हणजे चहाच्या एका कपाएवढं. पण शरीर दिवसाला ५०० मिलिलिटरच्या आसपास नवं पाणी तयार करतं आणि जुनं शोषून घेतं. त्या पाण्याभोवती एक आवरण असतं. पाठीत भूल देताना सुई कमरेच्या मणक्यांमधून त्या आवरणाच्या आत नेतात आणि अगदी थोडं औषध, दोनएक मिलिलिटर, त्या पाण्यात सोडतात. तिथे मज्जारज्जूची जाड दोरी संपलेली असते, खाली फक्त सुटे धागे असतात. म्हणूनच ती जागा निवडतात. सुई बाहेर आली की आवरणाला बारीक भोक राहतं. बहुतेकींचं ते गुपचूप मिटतं. एखादीचं थोडे दिवस उघडं राहतं आणि त्यातून पाणी झिरपतं. तयार होतं त्यापेक्षा जास्त झिरपलं की मेंदूखालचा आधार कमी पडतो. उभं राहिलं, बसलं की मेंदू किंचित खाली सरकतो, आवरणं आणि शिरा ताणल्या जातात, आणि ती कळ येते. आडवं झालं की ताण सुटतो.

हे पाठीतल्या भुलीइतकंच जुनं दुखणं आहे. १८९८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या कील शहरात आउगुस्ट बीअर नावाच्या सर्जनने पहिल्यांदा कण्यात कोकेन देऊन शस्त्रक्रिया केली. मग ही भूल माणसाला कशी वाटते हे कळावं म्हणून त्याने आणि त्याचा सहायक हिल्डेब्रांट याने एकमेकांवर प्रयोग केला. बीअरच्या पाठीत सुई गेली, पण सिरिंज सुईला नीट बसेना आणि बरंच पाणी वाहून गेलं. पुढे नऊ दिवस त्याला उठून बसलं की डोकं ठणकायचं आणि आडवं झालं की थांबायचं. पाणी गळल्यामुळेच हे होतं, असा अंदाज त्याने तेव्हाच बांधला होता.

गफलत झाली ती इथून पुढे. आडवं झाल्यावर दुखणं थांबतं, हे खरं. त्यावरून सगळ्यांनी असं धरलं की आडवं राहिलं तर दुखणं येणारच नाही. छत्री उघडली की आपण भिजायचे थांबतो. म्हणून आधीपासून छत्री उघडून बसलं तर पाऊस पडायचा टळतो का? भोक किती मोठं पडलं आणि ते किती लवकर मिटतं, यावर सगळं अवलंबून. बाई उशीवर आहे की सपाट, याच्याशी त्या भोकाला देणंघेणं नाही. फार तर इतकंच होतं की सपाट झोपलेलीला दुखणं कळत नाही आणि उठवलं की कळतं. माझं तेच झालं. चोवीस तास दगडासारखी पडून राहिले, तरी तिसऱ्या दिवशी डोकं आलंच.

आणि हे माझ्या एकटीच्या अनुभवावरून सांगत नाही. पाठीत सुई टोचल्यावर काही जणांना झोपवून ठेवलं, काहींना लगेच उठवलं, आणि कुणाला डोकं लागतं ते मोजलं, असे अभ्यास डॉक्टरांनी अनेक वर्षं केले आहेत. जगभरचे असे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१६ मध्ये वीसहून जास्त अभ्यास आणि जवळजवळ तीन हजार रुग्णांची माहिती पुन्हा पडताळली. पडून राहिल्याने डोकेदुखी टळते असं त्यांना दिसलं नाही. सलाईनवर सलाईन चढवून ती टळते, असंही दिसलं नाही.

फरक पडतो तो सुईने. पूर्वीच्या सुया जाड असत आणि त्यांचं टोक धारदार, आवरण कापत जाणारं. १९५६ साली अमेरिकेत दहा हजारांहून जास्त भुलींचा पाठपुरावा छापून आला, त्यात शंभरात अकरा जणांना डोकं लागलं होतं, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. पुढे सुया बारीक होत गेल्या. १९५१ मध्येच व्हिटाकर नावाची सुई आली होती, तिचं टोक पेन्सिलच्या टोकासारखं, आवरणाचे धागे न कापता बाजूला सारणारं. आज अशी बारीक, पेन्सिल टोकाची सुई वापरली तर शंभरात एखाद-दुसरीलाच हे दुखणं होतं. सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक, हेही लक्षात ठेव. २२ पेक्षा २७ नंबरची सुई पुष्कळ नाजूक. काकूंच्या वेळी जाड सुया होत्या, डोकं धरलेल्या बाळंतिणी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्या. त्यांची भीती खरीच होती, फक्त तिचं कारण मानेत नव्हतं, सुईत होतं.

तेव्हा गुरुवारच्या आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ तुला तपासायला येतील, त्यांना संकोच न करता विचार, "डॉक्टर, कोणती सुई वापरणार? मला उठवणार कधी? इथे उशी चालते ना?" हे विचारणं म्हणजे आगाऊपणा नव्हे. तुझं ब्लड प्रेशर, आधी कधी कंबर-मणक्याचं दुखणं, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या, जे असेल ते त्यांना सांग. आणि भूल देताना तुझ्या हातात एकच गोष्ट आहे: पाठ बाहेरच्या बाजूला कमानीसारखी काढायची, हनुवटी छातीला लावायची, खांदे सैल सोडायचे आणि हलायचं नाही. पोट एवढं असताना ते अवघड जातं. सिस्टर समोर उभ्या असतात, त्यांच्या खांद्यावर कपाळ टेकव आणि सावकाश श्वास सोड. मणक्यांमधली जागा उघडली की सुई एका झटक्यात नेमकी जाते. पुन्हा पुन्हा टोचावं लागलं तर भोकंही जास्त पडतात.

आता उठण्याचं सांगते, कारण माझ्या दुसऱ्या वेळचा सगळा फरक तिथेच होता.

धाकटीच्या वेळी मी दुसऱ्या दवाखान्यात होते. सकाळी सिझर झालं. दुपारपर्यंत पायांत हळूहळू जीव आला. आधी अंगठे हलले, मग गुडघे दुमडता आले. भुलीचा असर उतरायला साधारण दोन ते चार तास लागतात. संध्याकाळी एक पोक्त सिस्टर आल्या, ब्लड प्रेशर बघितलं, दोन्ही पाय एकेक करून उचलायला लावले आणि म्हणाल्या, "चला ताई, आता बसायचं." मी हादरलेच. म्हटलं, "सिस्टर, मला मागच्या वेळी डोकं धरलं होतं, मी उद्या उठते." त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि त्यांनी मला ते भोकाचं, पाण्याचं सगळं समजावलं, जे मी आत्ता तुला सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की मी काही चुकले नव्हते. मला रडू आलं. त्यांनी ते येऊ दिलं, आणि मग उठवलं.

त्यांनी शिकवलेलं जसंच्या तसं सांगते. गुरुवारच्या आधी पलंगावर एकदा करून बघ.

उताणं असताना सरळ उठायचं नाही. त्याने टाक्यांवर ओढ बसते. आधी दोन्ही गुडघे दुमडायचे. मग खांदे, कंबर, गुडघे एकदम, लाकडाचा ओंडका वळावा तसं कुशीवर व्हायचं. एक हात टाक्यांवर ठेवलेल्या छोट्या उशीवर. पाय पलंगाखाली सोडायचे आणि दुसऱ्या हाताच्या कोपराने, मग तळव्याने रेटा देत बसतं व्हायचं. बसलं की लगेच उभं राहायचं नाही. चार-पाच मिनिटं पाय लोंबकळत ठेवायचे, घोटे फिरवायचे, समोर बघायचं. डोळ्यांपुढे अंधारी आली, घाम फुटला, मळमळलं तर तसं सांगायचं आणि परत आडवं व्हायचं. थोड्या वेळाने पुन्हा. पहिल्यांदा उभं राहताना शेजारी सिस्टर किंवा आया हवीच. एकटीने उठायचं नाही, लाजून तर मुळीच नाही. लघवीची नळी असेल तर पिशवी कुणाकडे तरी धरायला दे.

आणि एक गोष्ट आधी कुणी सांगत नाही, ती मी सांगते. उभं राहिल्याबरोबर अंगावरून एकदम जाईल. पडून असताना आत साठलेलं रक्त उभं राहिल्यावर खाली येतं. पायांवरून ओघळ आला की बाई घाबरते, टाके तुटले असं वाटतं. तसं नसतं. जाडसर पॅड लावून ठेव, खाली जुनं कापड अंथरायला सांग. मात्र उभं राहिल्यानंतरही रक्त थांबतच नाही, तासाभरात पॅड भिजून जातंय, किंवा मोठ्या गाठी पडताहेत, तर लगेच सिस्टरला बोलाव.

पहिल्या दिवशी पलंगापासून खुर्चीपर्यंत गेलीस तरी पुष्कळ. दुसऱ्या दिवशी बाथरूमपर्यंत, मग वॉर्डात एक फेरी. कुबड काढून चालू नकोस. टाके ताणतील या भीतीने सगळ्याच वाकतात आणि मग कंबर धरते. दुखण्याच्या गोळ्या वेळेवर घे. "सहन होतंय की" म्हणून गोळी चुकवली की पुढचा उठण्याचा वेळ हुकतो.

इतकी घाई कशाला, असं आत्या विचारेल. तिला सांग की बाळंतपणात रक्त गोठण्याची ओढ निसर्गतःच वाढलेली असते, म्हणजे रक्तस्राव आटोक्यात राहतो. सिझरनंतर ती अजून वाढते. बाई एकाच जागी पडून राहिली तर पोटरीतल्या शिरेत गाठ होऊ शकते आणि ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. उठल्या-चालल्याने पोटऱ्या रक्त वर ढकलत राहतात. पोटातला वारा सरतो, पोट फुगून टम्म होत नाही, छातीत कफ साठत नाही, नळी लवकर निघते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे बाईला आपलं अंग परत आपलं वाटायला लागतं. सिझरनंतर लवकर बरं कसं व्हावं याची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रं २०१९ मध्ये आली, त्यांतही लवकर खाणं-पिणं आणि लवकर उठणं आहे. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरातल्या पंचवीसहून जास्त बाळंतपणं सिझरने झालेली दिसली, गोव्यात तर एकोणचाळीसहून जास्त. एवढ्या बायकांना हे नीट माहीत असायला हवं ना!

हां, एक. दवाखान्यात काही कारणाने तुला थांबायला सांगितलं, म्हणजे प्रेशर वरखाली होतंय, रक्त जास्त गेलंय, पायांत अजून जोर नाही, तर थांब. ते डोक्यासाठी नाही, तुझ्या तब्येतीसाठी असेल.

आता समज, इतकं करूनही डोकं लागलंच. शंभरातली ती एखादी तू निघालीस. तर काय?

पहिलं म्हणजे ओळखायचं कसं. बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू होतं. कपाळात, मागे, मानेत. बसलं-उभं राहिलं की चढतं, आडवं झालं की उतरतं. कान गच्च होणं, मान आखडणं, मळमळ, उजेड सहन न होणं असंही काहींना होतं. असं वाटलं तर त्याच दिवशी भूलतज्ज्ञांना कळव. "आत्ताच घरी आलेय, उगीच कशाला त्रास द्यायचा" असा विचार करू नकोस. मी अकरा-बारा दिवस गप्प राहून काढले. त्या दवाखान्यात कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तू सांगायचंस.

दुसरं, आता मात्र आडवं राहायचं ते आराम म्हणून. जेवढं बरं वाटेल तेवढं पड, पण दिवसातून काही वेळा उठून थोडं चाल. पोटऱ्यांचं काम बंद पडता कामा नये. बाळाला कुशीवर पडून पाज. कानात दूध जाईल म्हणून घरातल्या बायका नको म्हणतील. तर बाळाचं डोकं जरा उंच, अंग तुझ्याकडे वळलेलं ठेव आणि पाजताना कुणीतरी जागं शेजारी बसू दे, तुझा डोळा लागला तर बाळ उचलून ठेवायला.

तिसरं, पाणी. आपल्याकडे बाळंतिणीला घोट-घोट पाणी देतात, पोट सुटेल म्हणून. हे तू ऐकायचं नाहीस. तहान लागेल तेवढं पाणी पी, पेज घे, अळिवाची खीर घे. पाणी प्यायल्याने ते भोक मिटत नाही, पण अंग कोरडं पडलं तर डोकं अजून दुखतं, दूध कमी होतं आणि रक्त गोठण्याचा धोका वाढतो. कॉफीने काहींना तेवढ्यापुरतं बरं वाटतं; दिवसाला एक-दोन कप चालतील, जास्त घेतलीस तर बाळ चिडचिडं होईल, झोपणार नाही. पॅरासिटामॉल साधं आणि अंगावर पाजताना चालणारं औषध आहे, पण किती आणि कितीदा ते डॉक्टरांना विचारून. दुसऱ्या कुठल्या डोकेदुखीच्या गोळ्या दुकानातून मनाने आणू नकोस.

बहुतेकींचं हे दुखणं एक-दोन आठवड्यांत आपोआप जातं. पण बाळाला घेऊन बसताही येत नाही इतकं असेल, तर त्यावर इलाज आहे. १९६० मध्ये गॉर्मली नावाच्या अमेरिकन डॉक्टरने तो लिहिला. तुझ्याच हातातून थोडं रक्त काढतात, साधारण १५ ते २० मिलिलिटर, आणि कमरेत त्या भोकाच्या बाहेरच्या जागेत सोडतात. रक्त तिथे गोठतं आणि टायरच्या पंक्चरला ठिगळ लावावं तसं भोक बुजवतं. पुष्कळ जणींना काही तासांत उठून बसता येतं. सगळ्यांना लागू पडतंच असं नाही, काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं. पण असा इलाज असतो हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुला आधीच सांगून ठेवते.

आता जे सांगणार आहे ते घरातल्या सगळ्यांनी पाठ करायला हवं. बाळंतिणीचं प्रत्येक डोकं पाठीतल्या सुईचं नसतं. आडवं झाल्यावरही जे उतरत नाही, ते डोकं वेगळं. डोळ्यांपुढे काजवे, अंधुक दिसणं, पोटाच्या वरच्या भागात दुखणं, तोंड-हात सुजणं, प्रेशर १४० वर ९० किंवा त्याहून वर, ही लक्षणं असतील तर थांबू नका. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत प्रेशर चढून झटके येऊ शकतात, गरोदरपणात प्रेशर सरळ असलं तरी. ताप आणि ताठ मान, वारंवार उलट्या, एका बाजूचा हात-पाय जड होणं, बोलताना जीभ अडखळणं, झोपेत बरळल्यासारखं वागणं, आकडी, या सगळ्यांत घरगुती काही करत बसायचं नाही. मेंदूच्या शिरेत रक्त गोठल्यानेही बाळंतिणीचं डोकं दुखतं. "वारा लागला, कान बांध, धुरी दे" म्हणत दिवस गेला तर तो परत मिळत नाही. सरळ दवाखाना. आणि तिथे पहिलं वाक्य सांगायचं: "हिचं सिझर होऊन अमुक दिवस झालेत, पाठीत भूल दिली होती." म्हणजे डॉक्टर योग्य दिशेने बघतात.

तुझ्या नवऱ्याला एक काम सांगते. भेटायला येणाऱ्या कुणीही "मान उचलली होतीस का?" असं विचारलं, तर त्यांनीच शांतपणे उत्तर द्यायचं, "त्याने काही होत नाही, डॉक्टरांनी उठायला सांगितलंय." तू पहिल्या बाळंतपणात असताना हे तुला बोलता येणार नाही, मला माहीत आहे. तेव्हा मलाही बोलता आलं नव्हतं. एका प्रश्नाने बाळंतीण किती एकटी पडते, हे मी अंगावर काढलेलं आहे.

आईला मी हे सुईचं, भोकाचं धाकटीच्या वेळीच सांगितलं. ती कितीतरी वेळ शेगडीतल्या निखाऱ्यांवर राख सारत बसली. मग एवढंच म्हणाली, "म्हणजे त्या रात्री तू त्याला बघितलंस, ते बरंच केलंस." बस. माझं ओझं त्या वाक्याने उतरलं.

म्हणून तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर हे. दवाखान्याच्या बॅगेत दुपट्यांच्या वर एक लहान उशी ठेव, घरातली, तुला सवयीची. वाटलं तर ती डोक्याखाली घे. खोकला आला, हसू आलं, उठायचं झालं की तीच टाक्यांवर घट्ट धर. बाळाला पाजायला बसशील तेव्हा तीच मांडीवर ठेव, म्हणजे त्याचा भार पोटावर यायचा नाही. आणि बाळ पहिल्यांदा रडेल तेव्हा मान उचलून त्याच्याकडे डोळे भरून बघ.